पोस्टग्रेस सर्व्हर टर्मिनलवरून सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान उबुंटू २४.०४ आणि त्यासोबत येणारी पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरची १६ वी आवृत्ती समोर ठेवून लिहिले आहे. डेबियनवर जवळजवळ सगळे असेच असते. रेड हॅटच्या घराण्यात जागा आणि नावे बदलतात, महत्त्वाचा फरक असेल तिथे तो सांगितला आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या, वेगळे सांगितले नसेल तर सगळी अक्षरे छोटी. उदाहरणांत एका वाचनालयाचा डेटाबेस आहे. त्याचे नाव 'ग्रंथालय', मालक युजर 'ग्रंथपाल', आणि टेबले 'पुस्तके', 'सभासद' व 'देवघेव'.

सर्व्हर चालू आहे की नाही, हे नक्की कसे कळते?

बहुतेक जण 'सिस्टीमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेएसक्यूएल' देतात, हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसते आणि गोंधळ सुरू होतो. चालू आहे की बाहेर पडला? डेबियन आणि उबुंटूवर ही सेवा नुसती छत्री आहे. ती खालच्या खऱ्या सेवा सुरू करते आणि संपते, त्यामुळे खरा सर्व्हर बंद पडला तरी ती हिरवीच दिसते. खऱ्या सेवेचे नाव 'पोस्टग्रेएसक्यूएल@१६-मेन', स्टेटस तिचा पाहा.

त्याहून सोपे म्हणजे 'पीजी_एलएसक्लस्टर्स'. एका ओळीत आवृत्ती, क्लस्टरचे नाव, पोर्ट, चालू की बंद, डेटा कुठे आणि लॉग कुठे, सगळे येते. पोस्टग्रेसमध्ये क्लस्टर म्हणजे अनेक मशीन नव्हेत. एका डेटा डिरेक्टरीवर चालणारा एक सर्व्हर म्हणजे एक क्लस्टर, आणि एका मशीनवर असे दोन-तीन असू शकतात. अनोळखी मशीनवर पहिली कमांड हीच द्यावी. 'मी केलेला बदल दिसत नाही' या तक्रारीत कितीतरी वेळा माणूस दुसऱ्याच क्लस्टरशी बोलत असतो.

स्क्रिप्टमधून तपासायचे असेल तर 'पीजी_इझरेडी' वापरा. तिचा परतावा ० आला तर सर्व्हर जोडणी घेतोय, १ म्हणजे चालू आहे पण सध्या नकार देतोय (उदाहरणार्थ अजून सुरू होतोय), २ म्हणजे उत्तरच नाही.

रेड हॅट, रॉकी, अल्मावर पॅकेज बसवल्यावर डेटा डिरेक्टरी आपोआप तयार होत नाही. आधी 'पोस्टग्रेएसक्यूएल-सेटअप --इनिटडीबी' चालवावे लागते, नाहीतर सेवा सुरूच होत नाही.

'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' असे का येते? पासवर्ड तर विचारलाच नाही.

म्हणूनच येते. एकाच मशीनवरून, सॉकेटमार्गे केलेल्या जोडणीत पोस्टग्रेस पासवर्ड पाहत नाही, लिनक्सला विचारतो की हा माणूस कोण. लिनक्स युजरचे नाव आणि डेटाबेसच्या युजरचे नाव जुळले तर आत, नाहीतर बाहेर. ॲडमिन म्हणून आत जायचे तर 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' (पीएसक्यूएल म्हणजे क्वेरी टाइप करायचा पोस्टग्रेसचा प्रोग्राम). 'ग्रंथपाल' म्हणून पासवर्डने जायचे तर होस्ट स्पष्ट सांगा: 'पीएसक्यूएल -एच लोकलहोस्ट -यू ग्रंथपाल -डी ग्रंथालय'. इथे सुडोचा यू छोटा आणि पीएसक्यूएलचा यू मोठा. होस्ट दिला की जोडणी नेटवर्कच्या वाटेने जाते आणि पासवर्डचा नियम लागू होतो.

इंटरनेटवर यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे 'पीजी_एचबीए.कॉन्फ' या प्रवेशनियमांच्या फाइलमधला 'पीअर' खोडून 'ट्रस्ट' लिहिणे. ते करू नका. मग त्या मशीनवरचा कोणताही युजर पासवर्डशिवाय 'पोस्टग्रेस' बनून सगळे पुसू शकतो.

'-डी' दिला नाही तर पीएसक्यूएल युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधतो, म्हणून 'डेटाबेस ग्रंथपाल डझ नॉट एक्झिस्ट' असा चमत्कारिक निरोप येतो. आणि सुडोने शिरताना 'कुड नॉट चेंज डिरेक्टरी' ही सूचना आली तर दुर्लक्ष करा. तुम्ही उभे आहात ती डिरेक्टरी 'पोस्टग्रेस' युजरला उघडता येत नाही, इतकेच.

'पोस्टग्रेस' युजरचा पासवर्ड विसरलो. आता?

त्याची गरज नाही. वर सांगितल्याप्रमाणे सुडोने आत जा आणि '\पासवर्ड' देऊन नवा ठेवा.

क्वेरी टाइप केली, एंटर दाबला, काहीच होत नाही.

प्रॉम्प्ट पाहा. '=#' म्हणजे तयार आहे आणि तुम्ही सुपरयुजर आहात. '=>' म्हणजे साधे युजर. '-#' झाला असेल तर अर्धविराम राहिला आहे. अर्धविराम टाकून एंटर मारला की क्वेरी धावेल, पण आधीच्या अर्धवट ओळींसकट धावेल, म्हणून शंका असेल तर कंट्रोल-सी मारून नव्याने सुरू करा. प्रॉम्प्टमध्ये अवतरणचिन्ह दिसत असेल तर एक अवतरण उघडे राहिले आहे आणि अर्धविरामही त्याच्या पोटात जातोय. गोव्यातल्या सभासदांची नावे भरताना हे हमखास होते, कारण डि'सोझामधला रोमन अपॉस्ट्रॉफी मजकूर तिथेच संपवतो. तो दोनदा लिहिला की प्रश्न मिटतो.

पीएसक्यूएलच्या आतल्या कोणत्या कमांड रोज लागतात?

'\एल' डेटाबेसची यादी, '\सी ग्रंथालय' त्यात शिरणे, '\डीटी' टेबले, '\डी सभासद' त्या टेबलाची रचना आणि इंडेक्स, '\डीयू' युजर, '\क्यू' बाहेर. पुढे प्लसचे चिन्ह लावले की आकारासारखी जास्तीची माहिती मिळते. '\एक्स ऑटो' दिल्यावर रुंद ओळी उभ्या मांडल्या जातात, '\टायमिंग' प्रत्येक क्वेरीला लागलेला वेळ सांगते आणि '\वॉच ५' शेवटची क्वेरी दर पाच सेकंदांनी पुन्हा चालवते. '\कॉनइन्फो' सांगते की तुम्ही कोण आहात, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या पोर्टवर. काहीही पुसण्याआधी ती द्यायची सवय लावा.

आणखी एक सवय. हाताने 'अपडेट' किंवा 'डिलीट' करण्याआधी 'बिगिन;' लिहा. क्वेरी चालल्यावर किती ओळी बदलल्या तो आकडा येतो. ३ अपेक्षित असताना ४१,२०० आला तर 'रोलबॅक;', बरोबर असेल तर 'कमिट;'. मात्र बिगिन करून चहाला जाऊ नका. त्याचे काय होते ते पुढे कुलुपांच्या प्रश्नात आहे.

नवा युजर आणि त्याचा डेटाबेस कसा बनवायचा?

दोन कमांड पुरतात: 'सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटयुजर --पीडब्ल्यूप्रॉम्प्ट ग्रंथपाल', मग 'सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटडीबी --ओनर=ग्रंथपाल ग्रंथालय'.

मालक ठरवणे विसरू नका. १४ व्या आवृत्तीपर्यंत 'पब्लिक' स्कीमात (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) कोणीही टेबल बनवू शकत असे. १५ पासून ती मुभा काढली. त्यामुळे जुन्या लेखांप्रमाणे नुसते 'ग्रँट ऑल ऑन डेटाबेस' केले तर युजर आत येतो, पण पहिल्याच 'क्रिएट टेबल'ला 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' मिळते. डेटाबेसच त्या युजरच्या मालकीचा असेल तर हा प्रश्न येत नाही.

पासवर्ड 'ऑल्टर रोल'मध्ये उघडा लिहू नका. ती ओळ पीएसक्यूएलच्या इतिहासाच्या फाइलमध्ये राहते आणि लॉगमध्येही पोहोचू शकते. '\पासवर्ड ग्रंथपाल' तो तुमच्या बाजूलाच सांकेतिक करून मग पाठवते.

अहवाल काढणाऱ्याला फक्त वाचू द्यायचे आहे.

तीन गोष्टी द्याव्या लागतात: डेटाबेसवर 'कनेक्ट', स्कीमावर 'युसेज', आणि 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा पब्लिक'. तिसऱ्यातला 'ऑल' फसवा आहे. तो आज असलेल्या टेबलांपुरता असतो. उद्या ग्रंथपालने नवे टेबल केले की वाचणाऱ्याला नकार. त्यासाठी 'ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल ग्रंथपाल' वापरा. त्यातले 'फॉर रोल' गाळले तर नियम कमांड देणाऱ्याने, म्हणजे बहुधा 'पोस्टग्रेस'ने, बनवलेल्या टेबलांनाच लागतो.

सगळेच वाचू द्यायचे असेल तर १४ पासून 'पीजी_रीड_ऑल_डेटा' ही तयार भूमिका आहे. एक ग्रँट, काम झाले.

दुसऱ्या मशीनवरून जोडणी होत नाही. कुठून शोधायला सुरुवात करू?

चुकीच्या संदेशापासून. तुमची मागणी कुठपर्यंत पोहोचली ते तोच सांगतो.

काहीच न येता बराच वेळ थांबून 'टाइमआउट' आला तर वाटेत फायरवॉल आहे. सर्व्हरला हात लावू नका, ५४३२ पोर्ट उघडे आहे का ते पाहा. क्लाउडवर बहुधा दोन फायरवॉल असतात, मशीनमधला आणि बाहेरचा.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. 'पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ'मध्ये 'लिसन_ॲड्रेसेस'ला सर्व्हरचा अंतर्गत पत्ता द्या. इथे सर्व्हरचा स्वतःचा पत्ता लिहायचा, येणाऱ्या क्लायंटचा नव्हे. ही चूक फार होते. हा बदल रीस्टार्टशिवाय लागत नाही. ओळीच्या सुरुवातीचे '#' काढले का, तेही पाहा.

'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री' आला तर अभिनंदन, पोस्टग्रेसपर्यंत पोहोचलात. त्याच संदेशात तुमचा पत्ता, युजर आणि डेटाबेस दिलेला असतो. तोच उचलून 'पीजी_एचबीए.कॉन्फ'मध्ये ओळ घाला: 'होस्ट ग्रंथालय ग्रंथपाल १०.०.०.५/३२ स्क्रॅम-शा-२५६' (शेवटचा शब्द पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीचा). ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम असते. तिथे पासवर्ड चुकला तर पुढची ओळ पाहिली जात नाही. म्हणून सरसकट ओळ वर आणि नेमकी ओळ खाली असेल तर नेमकीला अर्थ उरत नाही. फाइल बदलल्यावर रीलोड पुरते. रीलोड करण्याआधी 'सिलेक्ट * फ्रॉम पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' चालवा, चुकलेल्या ओळीपुढे 'एरर'च्या रकान्यात कारण दिसते.

'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' असेल तर खरोखर पासवर्ड तपासा. फार जुना क्लायंट किंवा ड्रायव्हर स्क्रॅम जाणत नसेल तर तो वेगळ्या शब्दांत रडतो. उपाय ड्रायव्हर अद्ययावत करणे हा आहे, सर्व्हर जुन्या एमडी५ पद्धतीवर नेणे नव्हे.

५४३२ साऱ्या जगाला उघडे ठेवू नका. घरून काम करायचे असेल तर एसएसएच बोगदा काढा: 'एसएसएच -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२ सर्व्हर' (एल मोठा), आणि आपल्या मशीनवरून ५४३३ ला जोडा. सर्व्हरवर काहीच बदलावे लागत नाही.

सेटिंग बदलले, पण फरक पडत नाही.

आधी फाइल तीच आहे का पहा: पीएसक्यूएलमध्ये 'शो कॉन्फिग_फाइल;'. उबुंटूवर ती '/ईटीसी/पोस्टग्रेएसक्यूएल/१६/मेन' मध्ये असते, रेड हॅटवर डेटा डिरेक्टरीतच. मग 'सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ();' द्या. 'ट्रू' आला म्हणजे निरोप पोहोचला, फाइल बरोबर आहे असे नव्हे. चूक असेल तर ती लॉगमध्ये जाते. काही सेटिंगना रीस्टार्टच लागतो. 'पीजी_सेटिंग्स'मध्ये 'पेंडिंग_रीस्टार्ट' खरे असलेल्या ओळी पाहा.

इतके करूनही नाही? मग कोणीतरी पूर्वी 'ऑल्टर सिस्टीम' वापरले आहे. ते डेटा डिरेक्टरीतल्या 'पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ'मध्ये लिहिले जाते आणि मुख्य फाइलवर मात करते. 'ऑल्टर सिस्टीम रीसेट' देऊन काढा, ती फाइल हाताने बदलू नका.

'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'

मूळ मर्यादा १०० जोडण्यांची, त्यातल्या ३ सुपरयुजरसाठी राखीव. म्हणून अशा वेळीही 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' बहुधा आत सोडतो. जर ॲप्लिकेशनच सुपरयुजर म्हणून जोडलेले असेल तर तेही दार बंद, आणि तसे न जोडण्याचे हे एक कारण. आत जाऊन 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये 'स्टेट'नुसार मोजा. ९० जोडण्या 'आयडल' दिसल्या तर आकडा १०० वरून ५०० करणे हा उपाय नाही. प्रत्येक जोडणी ही एक वेगळी प्रोसेस असते आणि मेमरी खाते. ॲप्लिकेशनच्या पूलचा आकार कमी करा, किंवा मध्ये पीजीबाउन्सर बसवा. तो ६४३२ वर ऐकतो आणि शेकडो क्लायंटना वीस-तीस खऱ्या जोडण्यांत भागवतो.

सगळे ॲप्लिकेशन लटकले आहे. सीपीयू मात्र शांत.

ही कुलुपांची खूण आहे. 'सिलेक्ट पीआयडी, स्टेट, पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज(पीआयडी), क्वेरी_स्टार्ट, क्वेरी फ्रॉम पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' चालवा. तिसऱ्या रकान्यात कोणामुळे कोण अडला ते दिसते. साखळी मागे मागे धरत जा. जो स्वतः कोणामुळेच अडलेला नाही, तो मूळ. पुष्कळदा त्याची अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असते, म्हणजे कोणीतरी बिगिन करून चहाला गेला आहे, किंवा ॲप्लिकेशन ट्रान्झॅक्शन उघडून बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत बसले आहे.

आणखी एक प्रकार जास्त चक्रावतो. एक लांबलचक अहवाल 'सभासद' वाचत आहे, कोणाचेच नुकसान नाही. तेवढ्यात कोणी 'ऑल्टर टेबल सभासद' देतो. त्याला पूर्ण कुलूप हवे, म्हणून तो अहवालामागे थांबतो. आता त्याच्यामागून येणारे साधे 'सिलेक्ट'सुद्धा रांगेत त्याच्याच मागे उभे राहतात. पूर्ण कुलूप कोणालाच मिळालेले नसूनही सगळे ठप्प. म्हणून रचना बदलण्याआधी त्याच सेशनमध्ये 'सेट लॉक_टाइमआउट = '३एस';' द्या. तीन सेकंदांत कुलूप मिळाले नाही तर तो बदल सोडून देतो, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

मूळ सापडल्यावर आधी 'सिलेक्ट पीजी_कॅन्सल_बॅकएंड(पीआयडी);'. ती चालू क्वेरी थांबवते. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असेल तर थांबवायला क्वेरीच नसते, तिथे 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' लागते. 'किल -९' कधीही नाही. एक प्रोसेस अशी मेली की सामायिक मेमरीत काही बिघडले असेल असे समजून पोस्टग्रेस सगळ्यांच्या जोडण्या तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीतून पुन्हा उठतो. एकाला हाकलायला गेलात आणि सभा उधळली.

कायमचा बंदोबस्त: ॲप्लिकेशनच्या युजरला 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' पाच मिनिटांचा लावा.

बॅकअप कसा घ्यावा?

लहान आणि मध्यम डेटाबेसला 'पीजी_डम्प -एफसी -एफ ग्रंथालय.डम्प ग्रंथालय' पुरतो. '-एफसी'मधला एफ मोठा, फाइलच्या नावाआधीचा एफ छोटा. ही फाइल आपोआप दाबलेली असते आणि तिच्यातून एकच टेबल उचलता येते. साध्या एसक्यूएल डम्पमध्ये ती सोय नाही. चालू डेटाबेसवर डम्प घेतला तरी तो सुरुवातीच्या क्षणाचे सुसंगत चित्र देतो. वाचणे-लिहिणे अडत नाही, फक्त रचना बदलणाऱ्या कमांड थांबतात. मोठा डेटाबेस असेल तर '-एफडी -जे ४', चार कामगार एका डिरेक्टरीत लिहितात.

यात युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. ते क्लस्टरचे असतात, डेटाबेसचे नाही. सोबत 'पीजी_डम्पऑल --ग्लोबल्स-ओन्ली' घ्या. नव्या मशीनवर रीस्टोअर करताना 'रोल ग्रंथपाल डझ नॉट एक्झिस्ट' अशा पन्नास ओळी येतात तेव्हा याची आठवण होते.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) टाकताना तीन खड्डे आहेत. पहिला, फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठीचे टक्क्याचे चिन्ह. क्रॉनटॅबमध्ये ते नवी ओळ मानले जाते, म्हणून प्रत्येकाआधी बॅकस्लॅश हवा किंवा सगळे वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवावे. दुसरा, पासवर्ड. तो 'पोस्टग्रेस'च्या क्रॉनमधून चालवला तर लागतच नाही. दूरच्या सर्व्हरसाठी होम डिरेक्टरीत '.पीजीपास' फाइल ठेवा, होस्ट:पोर्ट:डेटाबेस:युजर:पासवर्ड या क्रमाने, आणि परवानगी ०६००. परवानगी सैल असेल तर फाइल नुसती बाजूला टाकली जाते. तिसरा सर्वांत वाईट: 'पीजी_डम्प | जीझिप' अशी नळी. डम्प मध्येच मेला तरी जीझिप यशस्वी होतो, आणि शेल यश कळवते. महिनोन्‌महिने वीस बाइटच्या फाइली साठत राहतात. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ओ पाइपफेल' लिहा, किंवा नळी सोडून '-एफसी' वापरा.

डेटा डिरेक्टरी चालू सर्व्हरवरून 'सीपी' किंवा 'आरसिंक'ने उचलणे म्हणजे बॅकअप नव्हे. फाइली वेगवेगळ्या क्षणांच्या निघतात आणि ती प्रत उठत नाही, किंवा उठते आणि आत मोडलेली असते, जे जास्त वाईट. फाइलींच्या पातळीवरची प्रत हवी असेल तर 'पीजी_बेसबॅकअप'. 'काल दुपारी ३ वाजून १० मिनिटांपर्यंतचा डेटा द्या' अशी गरज असेल तर त्यासोबत वॉल फाइलींचे (प्रत्येक बदल आधी ज्यांत नोंदला जातो त्या) आर्काइव्हिंग लागते. डम्प फक्त डम्पच्या वेळेपर्यंत नेतो.

आणि रीस्टोअर?

रिकामा डेटाबेस बनवा, मग 'पीजी_रीस्टोअर -डी ग्रंथालय -जे ४ ग्रंथालय.डम्प'. चूक आली तरी तो मुळात पुढे जात राहतो आणि शेवटी दुर्लक्षिलेल्या चुकांची संख्या सांगतो. पहिल्या चुकीलाच थांबायला हवे असेल तर '--एक्झिट-ऑन-एरर'. साधी एसक्यूएल फाइल असेल तर 'पीएसक्यूएल -व्ही ऑन_एरर_स्टॉप=१ -१ -एफ फाइल', त्यात 'ऑन_एरर_स्टॉप' मोठ्या अक्षरांत. शेवटच्या -१ मुळे सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरले जाते, अर्धवट काही उरत नाही.

चुकून पुसलेल्या 'देवघेव'पुरतेच हवे असेल तर '-टी देवघेव' द्या, पण दुसऱ्या डेटाबेसमध्ये. तिथून पाहून, हव्या त्याच ओळी परत आणा. '-टी'ने टेबल आणि डेटा येतो, इंडेक्स येत नाहीत.

भरून झाल्यावर 'व्हॅक्युमडीबी --ऑल --ॲनालाइझ-इन-स्टेजेस' चालवा. नाहीतर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरकडे आकडेवारीच नसते, कालपर्यंत क्षणात येणारी क्वेरी मिनिटे घेते आणि दोष नव्या सर्व्हरला जातो.

महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर हे सगळे करून पाहा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. 'किती वेळात परत सुरू होईल?' या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर असते.

डिस्क भरली. काय पुसू?

'पीजी_वॉल' डिरेक्टरीतले काहीही नाही. १६ एमबीच्या शेकडो फाइली, नावे अगम्य, लॉगसारख्या दिसणाऱ्या. पुसाव्याशा वाटतात. पण अजून टेबलांत न उतरलेले बदल त्यांच्यातच असतात. त्या गेल्या की सर्व्हर उठत नाही.

आधी जागा करा: जुने सिस्टीम लॉग, 'ॲप्ट क्लीन', त्याच डिस्कवर ठेवलेले जुने डम्प. सर्व्हर उठला की कारण शोधा. 'पीजी_वॉल' फुगली असेल तर दोन संशयित. पहिला, 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स'मध्ये 'ॲक्टिव्ह' खोटा असलेला स्लॉट. कोणीतरी रेप्लिका, म्हणजे सर्व्हरची दुसरी चालती प्रत, बंद केली पण स्लॉट तसाच ठेवला, आणि सर्व्हर तिच्यासाठी निष्ठेने सगळे साठवतोय. नको असेल तर 'पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट'. पुढे असे होऊ नये म्हणून 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ'ला मर्यादा द्या. दुसरा, अपयशी ठरणारी 'आर्काइव्ह_कमांड', 'पीजी_स्टॅट_आर्काइव्हर' पाहा. कारण दूर झाले की पुढच्या चेकपॉइंटनंतर फाइली आपोआप कमी होतात.

टेबले फुगली असतील तर '\डीटी+' आकार दाखवते. इथे पुढचा प्रश्न हमखास येतो: दहा लाख ओळी डिलीट केल्या, तरी जागा का सुटली नाही? डिलीट ओळीवर फक्त फुली मारते. ऑटोव्हॅक्यूम नंतर ती जागा त्याच टेबलासाठी मोकळी करतो, ऑपरेटिंग सिस्टीमला सहसा परत देत नाही. मुळातल्या सेटिंगनुसार सुमारे २० टक्के ओळी मेल्यावर तो त्या टेबलाकडे वळतो. फाइल खरोखर लहान हवी तर 'व्हॅक्यूम फुल', पण तो टेबलाला पूर्ण कुलूप लावतो आणि नवी प्रत लिहिण्याइतकी मोकळी जागा मागतो. म्हणजे डिस्क भरल्यावर तो नेमका उपयोगाचा नाही. सगळ्याच ओळी नको असतील तर 'ट्रंकेट' लगेच जागा सोडतो.

ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका. 'फार आयओ खातो' म्हणून तो बंद करणाऱ्यांना पुढे फुगलेली टेबले मिळतात. शिवाय ट्रान्झॅक्शनचे क्रमांक ३२ बिटचे असल्याने सुमारे दोन अब्जांच्या जवळ पोहोचल्यावर सर्व्हर नवे लिखाण घेणेच थांबवतो.

मेमरीचे कोणते आकडे बदलावेत?

'शेअर्ड_बफर्स' मुळात १२८ एमबी असतो. फक्त डेटाबेससाठी असलेल्या मशीनवर रॅमच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करा. 'वर्क_मेम' मुळात ४ एमबी, आणि इथे हात आखडता घ्या. तो जोडणीमागे नव्हे, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशमागे असतो. ६४ एमबी ठेवून १०० जोडण्यांनी एकेक सॉर्ट केला तरी ६.२५ जीबी. मग मेमरी संपते, लिनक्सचा ओओएम किलर एक प्रोसेस मारतो, आणि पुढे काय होते ते 'किल -९'मध्ये आलेच आहे. जड अहवालासाठी त्या सेशनपुरता 'सेट वर्क_मेम' द्या. 'इफेक्टिव्ह_कॅश_साइझ' मेमरी घेत नाही, प्लॅनरला फक्त अंदाज देतो.

मराठी मजकुरासाठी काही वेगळे करावे लागते का?

हो, आणि डेटाबेस बनवतानाच. '\एल'मध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ८' आहे का पाहा. कंटेनर किंवा किमान मशीनवर लोकेल ठरवलेले नसेल तर ते 'एसक्यूएल_आस्की' निघते. त्यात मराठी साठते आणि दिसतेही, म्हणून लक्षात येत नाही. 'सिलेक्ट लेंग्थ('मराठी')' करा. ५ आले तर ठीक, १५ आले तर सर्व्हर बाइट मोजतोय. एन्कोडिंग नंतर बदलता येत नाही. 'क्रिएट डेटाबेस ... टेम्प्लेट टेम्प्लेट० एन्कोडिंग 'यूटीएफ८'' असा नवा बनवून डेटा हलवावा लागतो. 'टेम्प्लेट०' गाळले तर एन्कोडिंग जुळत नाही अशी चूक येते.

रकान्याची लांबी कोडपॉइंटमध्ये (युनिकोडच्या सुट्या चिन्हांत) मोजली जाते, अक्षरांत नाही. 'क्ष' तीन जागा घेतो. 'व्हारकार'ला आवळून मर्यादा दिली की 'ज्ञानेश्वर' नको तिथे अडकतो.

क्रमवारी: कोलेशन (क्रमवारीचे नियम) 'सी' असेल तर ओळी युनिकोडच्या क्रमाने लागतात. त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो, 'क्ष' हा 'क'च्या पोटात. 'ऑर्डर बाय आडनाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू"' देऊन मराठीचे नियम लावा. नावात हायफन असल्याने दुहेरी अवतरण आवश्यक. ळ, क्ष, ज्ञ ने सुरू होणारी किंवा त्यांवर फरक पडणारी आठ-दहा नावे घालून क्रम मनासारखा येतो का पाहा, मगच रकान्यावर कायमचे लावा.

सर्वांत छळणारा प्रकार शोधाचा. 'दऱ्या' हा शब्द एक कीबोर्ड 'ऱ' या एकाच कोडपॉइंटने लिहितो, दुसरा 'र' आणि नुक्ता असे दोन, तिसरा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखे, '='ला तिन्ही वेगळे. 'नॉर्मलाइझ(नाव, एनएफसी)', जे १३ पासून आहे, पहिल्या दोघांना एक करते. तिसऱ्याला नाही. त्यासाठी डेटा आत घेतानाच 'रिप्लेस' करून एक रूप ठरवावे लागते. 'आधी नोंद केलेला सभासद सापडत नाही' या तक्रारीत आधी हेच तपासा: 'सिलेक्ट नाव::बायटीया' दिले की खरे बाइट दिसतात.

वेळ साडेतीन तासांनी चुकते.

कोणीतरी मजकुरात 'आयएसटी' लिहिले आहे. पोस्टग्रेसच्या मूळ संक्षेपांच्या यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची प्रमाणवेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. आपली साडेपाच तास पुढे. संक्षेप सोडून 'आशिया/कोलकाता' लिहा आणि रकाना 'टाइमस्टॅम्पटीझेड' ठेवा. साडेपाच तासांचा फरक दिसत असेल तर दोष वेगळा: रकाना टाइमझोनशिवायचा आहे आणि लिहिणारा यूटीसीत लिहितोय.

आवृत्ती कशी वाढवायची?

१६.२ वरून १६.४ ही किरकोळ वाढ. पॅकेज अद्ययावत करा, रीस्टार्ट करा, झाले. या दुरुस्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्या टाळण्याला कारण नाही. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो.

१६ वरून १७ ही मुख्य वाढ, डेटाची मांडणी बदलते. इथे डेबियन आणि उबुंटूवर एक गंमत आहे. १७ चे पॅकेज बसले की ते ५४३३ पोर्टवर एक नवा रिकामा क्लस्टर उभा करते. जुना ५४३२ वर तसाच. तो रिकामा क्लस्टर आधी काढावा लागतो: 'पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन'. एंटरआधी आकडा मोठ्याने वाचा. १७ ऐवजी १६ लिहिले तर खरा डेटा जातो, आणि ही कमांड 'नक्की का?' असे विचारत नाही. मग 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १६ मेन'. मूळ पद्धतीत तो डम्प काढून नव्यात भरतो, त्यामुळे दुप्पट जागा आणि बराच वेळ लागतो. '--मेथड=अपग्रेड' वेगवान. शेवटी नवा क्लस्टर ५४३२ घेतो आणि जुना बंद अवस्थेत शिल्लक राहतो. आठवडाभर ठेवा, मग पुसा.

डम्प घेऊन दुसऱ्या मशीनवर जात असाल तर 'पीजी_डम्प' नव्या आवृत्तीचा वापरा. जुना पीजी_डम्प नव्या सर्व्हरला पाहून 'व्हर्जन मिसमॅच' म्हणून थांबतो. उलट दिशेला अडचण नाही.

पोस्टग्रेस तोच ठेवून फक्त ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी एक धोका उरतो. जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत मजकुराच्या क्रमवारीचे नियम बदलले. डेबियन ९ वरून १०, किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर जाताना हा टप्पा ओलांडला जातो. डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नेली तर मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाचे राहतात. ओळ टेबलात असते पण शोधाला सापडत नाही, आणि 'युनिक' असूनही दुहेरी नोंदी शिरतात. १५ पासून जोडणी करताना 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच' अशी सूचना येते. ती दिसली तर 'रीइंडेक्स डेटाबेस ग्रंथालय;' आणि ते पूर्ण झाल्यावरच 'ऑल्टर डेटाबेस ग्रंथालय रिफ्रेश कोलेशन व्हर्जन;'. उलट क्रमाने केले तर सूचना बंद होते आणि मोडके इंडेक्स तसेच राहतात.